‘घराण्यातला दमा’ : औसा तालुक्यातील एका कुटुंबाच्या वंशावळीचा प्रकरण अभ्यास

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी पहाटे, औसा तालुक्यातील एका गावातून नऊ वर्षांच्या मुलीला मोटारसायकलवर वडील आणि चुलता यांच्या मधे बसवून लातूरला आमच्याकडे आणण्यात आले. तिला एका दमात तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता येत नव्हते, प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८९ टक्के होते. ऑक्सिजन, साल्ब्युटामॉल व इप्राट्रोपियम या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधांची वाफ आणि तोंडावाटे दिलेले प्रेडनिसोलोन यांनी सकाळी आठपर्यंत तिचा श्वास मोकळा झाला. एवढा भाग छातीच्या कोणत्याही दवाखान्यात नेहमीचाच आहे. हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले ते तिच्या वडिलांच्या एका वाक्यामुळे. ते दाराशी उभे राहून म्हणाले, “आमच्या घराण्यातच दमा हाय, डॉक्टरसाहेब. माझ्या बापाला हाय, बापाच्या चुलत्याला होता, आता लेकीला आला. रक्तातच हाय, त्याला कोण काय करणार?”

मराठवाड्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की पूर्वी मी त्यावर मान डोलावून औषध लिहीत असे. या वेळी मात्र ते वाक्य तपासून पाहावे असे ठरवले. दमा ‘रक्तात’ असेल तर तो कोणाच्या रक्तातून, कोणत्या वाटेने आणि किती आला, याचा माग तरी काढता आला पाहिजे. पुढच्या पंधरा महिन्यांत या कुटुंबातील जवळपास सर्वांची तपासणी झाली. कुटुंबाच्या संमतीने ती येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कोणाचेही नाव घेतलेले नाही.

वडिलांनी सांगितलेली वंशावळ

वंशावळ काढण्याची रीत सोपी आहे. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आणि ज्याला आजार आहे त्याची आकृती काळी भरायची. पहिल्या भेटीत वडिलांनी सांगितल्याप्रमाणे काढलेल्या कागदावर तीनच आकृत्या काळ्या होत्या : मुलीचे आजोबा, आजोबांचे चुलते आणि स्वतः मुलगी. मुलगी सोडली तर दोन्ही पुरुष आणि दोन्ही वडिलांच्या कुळातले. ‘घराणे’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे आडनावाची ओळ असा होतो आणि वडिलांनी ती ओळच सांगितली होती. मुलीची आई खाटेजवळ बसून होती. तिला कोणी काही विचारले नाही आणि तीही काही बोलली नाही.

तिच्याशी स्वतंत्रपणे बोलल्यावर कळले की आई ही मुलीच्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे, म्हणजे नवरा-बायको आतेमामे भावंडे आहेत आणि ती सासूला आजही ‘आत्या’ म्हणूनच हाक मारते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या भागात जुनी आहे आणि तिच्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. वंशावळीच्या दृष्टीने मात्र तिने कागदाचा आकारच बदलला. मुलीची आजी आणि मुलीच्या आईचे वडील ही बहीण-भाऊ. त्यामुळे त्यांच्या आईवडिलांपासून निघालेल्या दोन रेषा दोन पिढ्या वेगळ्या चालून या मुलीपाशी पुन्हा एकत्र येत होत्या.

मुलीचा आजार तिसऱ्या वर्षापासूनचा होता. दर हिवाळ्यात आणि सोयाबीनच्या सुगीत रात्रीचा खोकला, छातीत घरघर, शाळेला दांडी असे चालत आले होते. खोकल्याची औषधे, प्रतिजैविके आणि गावोगावी मिळणारी ‘दम्याची इंजेक्शने’ झाली होती. छातीवर बिब्ब्याच्या दोन जुन्या खुणा होत्या. एका वर्षी मृगाच्या दिवशी हैदराबादला नेऊन माशाचे औषधही दिले होते. श्वासावाटे घेण्याचे औषध तेवढे कधीच दिले गेले नव्हते, कारण “पंप लागला की जन्मभर सुटत न्हाई” आणि “पोरीची जात, उद्या सोयरिकीला लोक काय म्हणतील” ही दोन कारणे घरात पक्की होती.

चार दिवसांपूर्वी कोजागिरीच्या रात्री तिला शेजारच्या गावात नेऊन दम्याचे औषध घातलेली खीर दिली होती. या औषधावर लोकांचा विश्वास का बसतो, हे मला याच प्रकरणात नीट उमगले. कोजागिरी आश्विनात येते आणि आश्विनातच सोयाबीनची मळणी ऐन भरात असते, म्हणजे औषध घेतले जाते ते त्रास शिखरावर असताना. दिवाळीनंतर मळणी संपते, खळी मोकळी होतात, धूळ बसते आणि पुष्कळांचा त्रास आपोआप कमी होतो. त्याचे श्रेय खिरीला मिळते. खीर देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, परंतु दम्याच्या मुलाला उघड्या माळावर, गार हवेत रात्रभर जागवणे त्याच्यासाठी चांगले नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

कागदावरचे दमेकरी आणि खरे दमेकरी

पहिल्यांदा आजोबांना बोलावले. वय ६८, पंधराव्या वर्षापासून बिडी, धाप सुरू झाली ती पन्नाशीनंतर आणि मग वर्षागणिक वाढतच गेली. बरे दिवस आणि वाईट दिवस असा फरक फारसा नव्हता. फुंकर तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे एकूण हवेशी प्रमाण ०.५२ होते आणि साल्ब्युटामॉल दिल्यानंतर त्यात जेमतेम ४ टक्के सुधारणा झाली. हा दमा नव्हे. तंबाखूच्या धुराने श्वासनलिका आणि वायुकोश कायमचे बिघडण्याचा हा आजार आहे, ज्याला वैद्यकात सीओपीडी म्हणतात. आजोबांचे चुलते ‘दम्याने गेले’ असे घरात सांगितले जात होते, पण त्यांच्या उपचारांची जी हकीकत आजोबांनी सांगितली, त्यात रोज सुई, महिनोन्महिने गोळ्या आणि थुंकीतून रक्त हे सर्व होते. क्षयाने फुफ्फुस निकामी झाल्यावर येणारी ती धाप असावी. मराठीत ‘दमा’ हा शब्द धाप लागणाऱ्या प्रत्येक आजाराला लावला जातो. त्यामुळे वडिलांनी सांगितलेल्या ‘घराण्यातल्या दम्या’तील दोन्ही पुरुष एकेक करून कागदावरून खोडावे लागले.

मग स्वतः वडिलांकडे वळलो. वय ३६, “मला काय बी न्हाई” असे ठाम उत्तर. मे महिन्यात केलेली त्यांची स्पायरोमेट्री पूर्ण निर्दोष आली. पण लहानपणी आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत छाती भरायची आणि मिसरूड फुटल्यावर ते थांबले, असे त्यांच्या आईने सांगितले. हे चित्र ओळखीचे आहे. बालपणीचा दमा मुलग्यांत अधिक आढळतो, वयात येताना त्यांच्यापैकी अनेकांचा त्रास मिटतो आणि मोठ्या वयात दम्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये अधिक दिसते. वडिलांना फुंकर मोजण्याचे साधे यंत्र, पीक फ्लो मीटर, घरी देऊन पुढच्या सुगीत सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवायला सांगितले. मळणीयंत्रावर काम केलेल्या दिवशी आकडा ४८० वरून ३४० वर उतरत होता आणि काम थांबवल्यावर तीन दिवसांत पुन्हा चढत होता. ज्याला ते ‘सुगीचा खोकला’ म्हणत होते, तो दमाच होता.

आईला वर्षभर शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज. छाती निर्दोष. तिचे वडील, म्हणजे आजीचे भाऊ, यांना हातापायांच्या सांध्यांवर चाळीस वर्षांपासून चट्टे आणि खाज. मुलीच्या पाच वर्षांच्या धाकट्या भावाला तान्हेपणी गालांवर आणि कोपराच्या वळणात इसब होता, छाती मात्र कधी भरली नाही. चौदा वर्षांच्या थोरल्या बहिणीला यांपैकी काहीच नाही. चाकणला कारखान्यात नोकरीला असलेल्या धाकट्या चुलत्याच्या मुलाला दमा आहे आणि त्या चुलत्याची बायको मात्र नात्याबाहेरची आहे.

राहिली आजी. पहिल्या तीन भेटींत ती प्रत्येक वेळी नातीबरोबर आली आणि आपल्याविषयी एक शब्दही बोलली नाही. चौथ्या वेळी मुलगा औषधे आणायला खाली गेलेला असताना तिने हलक्या आवाजात विचारले, “हे वाफेचं यंत्र म्हाताऱ्या माणसाला चालतं का?” तिला लहानपणापासून दमा होता. माहेरी तो ठाऊक होता. लग्न ठरवताना सांगितला गेला नाही, आणि नंतर सांगण्याची वेळ कधी आली नाही. प्रत्येक बाळंतपणात तो वाढला, चुलीच्या धुराने आणखी वाढला, आणि पहाटे घर जागे होण्याआधी ती परसात जाऊन, गोठ्याच्या मेढीला हात टेकून, श्वास बसेपर्यंत उभी राहत असे. घरात याला ‘आजीचा जुना खोकला’ म्हणत. तिच्या फुंकर तपासणीत प्रमाण ०.६४ होते आणि औषधानंतर १५ टक्के व २३० मिलिलिटर सुधारणा झाली. दम्याच्या निदानासाठी १२ टक्के आणि २०० मिलिलिटर ही मर्यादा मानली जाते.

म्हणजे कागद पूर्ण उलटा झाला. ज्या पुरुषांच्या नावाने हा घराण्याचा आजार ओळखला जात होता, त्यांना दमा नव्हताच. जिला होता, तिचे वर्तुळ साठ वर्षे कोरे ठेवण्यात आले होते.

वारशाने नेमके काय येते

दमा घराण्यात चालतो, हे निरीक्षण जुने आहे. न्यूयॉर्कच्या कुक आणि व्हॅंडर व्हीर या डॉक्टरांनी १९१६ मध्येच अशा कुटुंबांची पद्धतशीर पाहणी केली होती, आणि दमा व शिंका या दोन्हींची एकच कौटुंबिक प्रवृत्ती असते या कल्पनेतून १९२३ मध्ये कोका व कुक यांनी ‘ॲटोपी’ हा शब्द रूढ केला. इसब त्यात पुढे जोडला गेला. आपल्या मुलीच्या कुटुंबात आजोळच्या आजोबांना खाज, आईला शिंका, भावाला इसब आणि तिला दमा, ही सगळी त्या एकाच प्रवृत्तीची निरनिराळी रूपे मानता येतात. म्हणून वंशावळ विचारताना ‘कुणाला दमा आहे का’ एवढेच विचारून चालत नाही, शिंका आणि खाज यांचीही चौकशी करावी लागते.

जुळ्यांच्या अभ्यासांतून दम्यातील आनुवंशिक वाट्याचा अंदाज काढला जातो आणि बहुतेक अभ्यासांत तो निम्म्याहून अधिक येतो. हे ऐकले की लोकांना ‘रक्तातच आहे’ हे सिद्ध झाल्यासारखे वाटते. परंतु त्याच अभ्यासांत, जनुकसंच अगदी एकसारखा असलेल्या सख्ख्या जुळ्यांपैकी एकाला दमा आणि दुसऱ्याला नाही, अशाही पुष्कळ जोड्या सापडतात. शिवाय आनुवंशिक वाट्याचा आकडा एका समूहातील माणसामाणसांमधल्या फरकाविषयी असतो. तो एका मुलीच्या नशिबाचा आकडा नव्हे.

दम्याचे एकच एक जनुक नाही. २००२ मध्ये २० व्या गुणसूत्रावरील ‘ॲडम-३३’ या जनुकाची बातमी आली, तेव्हा ते सापडले असे अनेकांना वाटले होते. २००७ मध्ये १७ व्या गुणसूत्राच्या एका भागाचा बालपणीच्या दम्याशी असलेला संबंध पुढे आला. तेथे ‘ओआरएमडीएल-३’ आणि ‘जीएसडीएमबी’ ही जनुके शेजारी शेजारी आहेत. २०१० मध्ये युरोपातील ‘गॅब्रिएल’ या मोठ्या अभ्यासाने, दहा हजारांहून अधिक दमेकरी आणि सोळा हजारांच्या आसपास निरोगी माणसे तपासून, या भागाचा संबंध मुख्यतः लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी असल्याचे दाखवले, आणि त्याबरोबर २, ६, ९, १५ व २२ या गुणसूत्रांवरचे आणखी काही भाग पुढे आणले. ९ व्या गुणसूत्रावरचे ‘आयएल-३३’ आणि पुढे ५ व्या गुणसूत्रावर ठळक झालेले ‘टीएसएलपी’ ही जनुके श्वासनलिकेच्या अस्तराची हाकाटी करणारी जनुके आहेत : धूळ, विषाणू किंवा धूर लागला की अस्तराच्या पेशी यांच्यामार्फत शरीराच्या संरक्षक पेशींना बोलावतात. दमेकऱ्यात ही हाक गरजेपेक्षा मोठी आणि लांबलेली असते. त्वचेच्या बाबतीत असेच ‘फिलॅग्रिन’ नावाचे जनुक आहे. २००६ मध्ये दाखवले गेले की ते निकामी असल्यास त्वचेचा बांध कच्चा राहतो, इसब होतो आणि इसबाबरोबर येणाऱ्या दम्याची शक्यताही वाढते.

या सगळ्याचा कुटुंबासाठी अर्थ असा, की वारशाने येते ते नाजूक अस्तर आणि उतावीळ हाक. यांतील प्रत्येक जनुकाचा वाटा अगदी लहान असतो आणि आतापर्यंत सापडलेली सगळी जनुके एकत्र केली तरी आनुवंशिक वाट्याचा थोडाच भाग उलगडतो. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुके सारखी असतात, म्हणून एकाच आईवडिलांच्या तीन लेकरांत एकीला काही नाही, एकीला दमा आणि एकाला इसब असे वाटप होऊ शकते. वडिलांनी विचारले, “मग रक्त तपासून कळतं का, पोराला पण होणार का?” आज तरी अशी उपयोगाची तपासणी नाही. जनुकांचे मोठे अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत आणि त्यांचे आकडे औशाच्या मुलावर जसेच्या तसे लावणे बरोबर नाही. कुटुंबाचा नीट घेतलेला इतिहास आजही कोणत्याही जनुक चाचणीपेक्षा अधिक सांगतो. अर्थात, तो खरा सांगितला गेला तर.

येथे आजीचे मौन केवळ दुःखद राहत नाही, ते वैद्यकीय नुकसान ठरते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, आईला दमा असल्यास मुलाला तो असण्याची शक्यता साधारण तिप्पट आणि वडिलांना असल्यास साधारण अडीचपट आढळते, म्हणजे आईकडून येणारा वाटा काहीसा जड दिसतो. आणि आपल्याकडे नेमका बायकांचाच दमा लपवला जातो, लग्नाआधी माहेर लपवते आणि लग्नानंतर ती स्वतः लपवते. मुलीच्या वडिलांना बालपणी दमा झाला, तेव्हा त्यांच्या आईचा आजार उघड असता, तर त्यांच्यावर चाळीस सुया टोचण्याआधी कोणीतरी निदान केले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

नात्यातले लग्न

आईच्या मनात एक प्रश्न होता आणि तो तिने फार उशिरा विचारला : “आमचं नात्यातलं लगीन झालं म्हणून हिला हे झालं का?”

सख्ख्या आतेमामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात आणि त्यांच्या अपत्यात सोळांपैकी एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता असते. ज्या आजारांत एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, त्यांचा धोका यामुळे खरोखर वाढतो. म्हणूनच अशा मुलीच्या छातीत घरघर ऐकल्यावर पहिले काम दम्याचे नाव घेण्याचे नसते. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे शरीरातील स्राव घट्ट होऊन फुफ्फुसे व पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार, आणि श्वासनलिकेतील केसतंतू जन्मतः न हलण्याचा आजार, या दोन्हींचा विचार केला. तिची उंची व वजन वयाप्रमाणे होते, शौच तेलकट नव्हते, बोटांची टोके फुगलेली नव्हती, कान वाहत नव्हता, ओला कफ सतत पडत नव्हता, एक्स-रेमध्ये हृदय डावीकडेच होते आणि फुफ्फुसे स्वच्छ होती. शिवाय तिची फुंकर अपेक्षित मूल्याच्या ६८ टक्के होती आणि औषधानंतर ती १९ टक्क्यांनी सुधारली. यानंतर सिस्टिक फायब्रोसिस ओळखण्याच्या घामाच्या तपासणीसाठी तिला मोठ्या शहरात पाठवण्याची गरज उरली नाही.

दम्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे अनेक जनुकांचे लहान लहान वाटे जमतात, त्यामुळे एकाच पूर्वजाच्या दोन वाटांनी ते आले तर साठा थोडा वाढू शकतो. दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन द कुन्हा या बेटावर मूठभर मूळ रहिवाशांचे तीनशेहून कमी वंशज राहतात आणि त्यांच्यात दम्याचे प्रमाण विलक्षण मोठे आहे, कारण त्या मूळ रहिवाशांपैकी काहींना दमा होता. या कुटुंबातही आजीच्या माहेरची प्रवृत्ती दोन्हीकडून आली असणे शक्य आहे. पण चाकणच्या चुलत्याच्या मुलाची आई नात्याबाहेरची असूनही त्याला दमा आहे, म्हणजे आजीची एक वाटही पुरेशी ठरली. आईला मी असेच सांगितले : लग्नामुळे दमा झाला असे म्हणता येत नाही, तो दोष तुम्ही वाहू नका. थोरल्या मुलीचे लग्न मामाच्या मुलाशी करण्याचा विचार घरात होता. त्यावर माझा सल्ला असा होता, की दम्यासाठी नव्हे, पण थॅलेसेमिया, जन्मजात बहिरेपणा यांसारख्या आजारांसाठी, सलग दुसऱ्या पिढीत ही गाठ बांधू नये. आजीला तो पटला नाही. आईला पटला.

मळणीची धूळ

मग मुलीचा आजार ऑक्टोबरमध्येच का उसळतो? त्या वर्षी परतीच्या पावसाने शेतातली सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेल्या पिकाचा ढीग, भिजली होती आणि उघडीप मिळताच घाईने मळणी सुरू झाली. भिजून काळ्या पडलेल्या बनमीतून निघालेल्या धुळीत सोयाबीनच्या सालीचा भुगा आणि बुरशीचे बीजाणू दोन्ही असतात. या कुटुंबाचे खळे घरापासून पन्नास पावलांवर आहे.

सोयाबीनच्या धुळीविषयी वैद्यकात एक प्रसिद्ध प्रकरण आहे. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ दिवस असे आले, की एकाच दिवशी दम्याच्या तीव्र झटक्याने अनेक माणसे रुग्णालयांत पोहोचली. बराच शोध घेतल्यावर आढळले की त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते आणि ज्या कोठारात ते भरले जाई त्यावर धूळ अडवणारी गाळणी नव्हती. आजारी पडलेल्या बहुतेकांच्या रक्तात सोयाबीनच्या सालीविरुद्धची प्रतिद्रव्ये होती. गाळण्या बसवल्यावर साथी थांबल्या. झटका आलेली माणसे त्याआधीही ती प्रवृत्ती घेऊनच शहरात राहत होती. त्यांचे रक्त बदलले नाही, कोठारावर गाळणी बसली. बार्सिलोनाची हकीकत मी या वडिलांना सांगितली, कारण लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

याच्या उलट बाजूचीही नोंद केली पाहिजे. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांच्या फार जवळचे आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांत दम्याचे प्रमाण ५ टक्के आणि हटराइट मुलांत २१ टक्के आढळले. आमिशांची शेती जुन्या पद्धतीची, जनावरे घराला लागून. हटराइटांची शेती यंत्रांची आणि गोठे दूर. युरोपातील शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत तर १७ व्या गुणसूत्रावरील त्या जोखमीच्या आवृत्तीची बाळेच गोठ्यात वावरली असता पहिल्या वर्षी कमी घरघरताना दिसली. म्हणजे तीच आवृत्ती एका हवेत अपायाची आणि दुसऱ्या हवेत उपयोगाची ठरू शकते. मात्र यावरून कोणी दमा जडलेल्या मुलाला गोठ्यात झोपवू नये. हा लाभ जन्मानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळाचा आहे.

उपचार आणि पुढची सुगी

रक्तातील इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७८० होत्या. आपल्या भागात जंतांमुळेही त्या वाढतात, म्हणून आधी जंताचे औषध देऊन सहा आठवड्यांनी पुन्हा मोजल्या, तेव्हा त्या ६४० होत्या. ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून रोज दोन वेळा, त्यानंतर चूळ भरणे, आणि झटक्यासाठी साल्ब्युटामॉल, एवढेच औषध ठेवले. खरा वेळ गेला तो पंपाची भीती काढण्यात. पंपातून जाणारे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि गावात टोचली जाणारी स्टेरॉइडची सुई मिलिग्रॅममध्ये, म्हणजे ‘सवय’ आणि अपाय यांची भीती बाळगायची तर ती सुईची बाळगावी, हे वजनाच्या भाषेत सांगितल्यावर वडिलांना पटले. भारतात जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के असावेत आणि दम्याच्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक व्हावेत, यामागे रोजचा पंप न घेणे हे मोठे कारण आहे. ‘रक्तातच आहे’ या वाक्याची खरी किंमत मला तेथे दिसते.

२०२३ च्या सुगीत खळे गावाबाहेरच्या शेतात हलवले. वडील यंत्राजवळ तोंडाला नीट बसणारा मास्क बांधू लागले आणि त्यांनाही पंप सुरू केला. घराभोवतीचे गाजर गवत फुलण्याआधी उपटले. मुलीला त्या हंगामात एकच सौम्य झटका आला आणि तो घरीच आटोक्यात आला. आदल्या वर्षी जून ते डिसेंबर या काळात तिची शाळा ३१ दिवस बुडाली होती, या वर्षी ४ दिवस. तिची फुंकर ९१ टक्क्यांवर आली. धाकट्या भावाची त्वचा सांभाळणे आणि घरघर ऐकू येताच त्याला दाखवणे, एवढेच त्याच्यासाठी ठरले आहे. आजोबांनी बिडी कमी केली आहे, सोडलेली नाही.

आजीचा पंप पहिले दोन महिने तिच्या लुगड्याच्या घडीत होता. नंतर तो नातीच्या पंपाशेजारी देवळीत आला. मुलाला कळले तेव्हा तो तिच्यावर रागावला, आणि सुनेने त्याला सांगितले की आत्याचा त्रास तिला तेरा वर्षांपासून ठाऊक आहे.

जानेवारी २०२४ मधील भेटीत मी सुधारलेली वंशावळ टेबलावर पसरून वडिलांना समजावत होतो. आजी वाकून पाहत होती. तिने एका काळ्या वर्तुळावर बोट ठेवून विचारले, “ही मी का?” मी हो म्हटले. तिने बोट वर सरकवले, तिच्या आणि तिच्या भावाच्या रेषा जेथे मिळतात, तेथल्या कोऱ्या वर्तुळावर. “आन् ही माझी माय. ती बी रातभर उखळावर हात टेकून बसायची. आमी समजायचो दळून दळून दमली.” ते वर्तुळ मी पेन्सिलीने अर्धे भरले आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढले. मुलीच्या आईवडिलांच्या दोन्ही रेषा त्याच वर्तुळातून खाली उतरलेल्या होत्या.